सोळा बटणांचा त्रिताल

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी संप सुरू झाला आणि नायगाव-परळच्या चाळींना वर्षानुवर्षे वेळ सांगणारा भोंगा मुका झाला. डॉ. दत्ता सामंतांच्या हाकेसरशी सुमारे अडीच लाख कामगार साच्यांपासून दूर झाले. त्याच वर्षी याच मुंबईत चरणजित सिंग नावाच्या वादकाने एक तबकडी ध्वनिमुद्रित केली. तिच्यात ना तबलजी होता, ना सारंगिया. होती तीन जपानी यंत्रे आणि दहा राग. वरकरणी या दोन घटनांचा काही संबंध नाही. पण गिरणगावच्या माणसाला ती तबकडी ऐकताना संप आठवल्याशिवाय राहत नाही.

तो काळच मोठ्या वाद्यमेळाकडून यंत्राकडे वळण्याचा होता. इंग्लंडमध्ये ‘जेनेसिस’ या प्रोग्रेसिव्ह रॉक वृंदाचा गायक फिल कॉलिन्स याने १९८१ मध्ये पहिला एकल अल्बम काढला. हा गृहस्थ मूळचा ड्रमवादक, आणि त्याच्या सर्वांत गाजलेल्या गाण्याची सुरुवात मात्र ड्रम-यंत्राने होते! आपल्याकडे आत्माराम भेंडे यांचे चिरंजीव नंदू भेंडे रॉक गात मोठे झाले. अलेक पदमसींच्या ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’मध्ये त्यांनी ज्युडास रंगवला, १९७८ मध्ये पु. ल. देशपांडे यांच्या ‘तीन पैशाचा तमाशा’त ते गायले. मराठीत रॉकच्या आवाजाला घर कुठले? १९८२ च्या ‘डिस्को डान्सर’मध्ये तो आवाज बप्पी लाहिरींच्या डिस्को ठेक्यावर जाऊन बसला.

चरणजित सिंग मात्र पडद्यामागचे. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात गिटार वाजवण्यात त्यांची हयात गेली. गाणे घराघरांत पोचे, वादकाचे नाव पोचत नसे. त्यांनी रोलँड कंपनीची यंत्रे पैदा केली : ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर, टीआर-८०८ हे ठेक्याचे यंत्र आणि टीबी-३०३ हे बेसचे. ८०८ वर ओळीने सोळा बटणे असतात. आपल्या माणसाला त्यात त्रितालाच्या सोळा मात्रा दिसल्या नाहीत तरच नवल! ३०३ हे खरे तर सरावाच्या वेळी बेस गिटारवाल्याची उणीव भरून काढण्यासाठी केलेले. पण एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरण्याची सोय त्यात होती. आपण जिला मींड म्हणतो, तिची ही यांत्रिक चुलत बहीण. भैरवी, ललत, यमन, मालकंस त्या यंत्रातून डिस्कोच्या ठेक्यावर धावू लागले.

एचएमव्हीने काढलेली ही तबकडी फारशी खपली नाही. रागदारीवाल्यांना ती थिल्लर वाटली असेल, नाचणाऱ्यांना सोवळी. १९८७ मध्ये शिकागोच्या तरुणांनी त्याच ३०३ मधून ‘अॅसिड हाउस’ नावाचे संगीत जन्माला घातले. २००२ मध्ये एडो बाउमन या डच संग्राहकाच्या हाती ती जुनी तबकडी लागली, २०१० मध्ये ती पुन्हा निघाली आणि जग चकित झाले : हे मुंबईत पाच वर्षे आधीच झाले होते! सत्तरीच्या घरातले चरणजित परदेशी रंगमंचावर वाजवू लागले. २०१५ मध्ये ते गेले.

ही गोष्ट इथे संपवली तर गोड होईल, पण पुरी होणार नाही. याच जातीच्या यंत्रांनी पुढे चित्रपटांचे शंभर-शंभर वादकांचे ताफे रिकामे केले. स्टुडिओबाहेर व्हायोलिनची पेटी घेऊन थांबणाऱ्यांसाठी कुणी भोंगा वाजवला नाही, की मोर्चा काढला नाही. मग यंत्र वैरी की मित्र? गिरणीतले यंत्र मालकाचे होते, चरणजितांचे यंत्र त्यांचे स्वतःचे. एकाने माणसाला उपरा केला, दुसऱ्याने आयुष्यभर दुसऱ्याच्या चाली वाजवणाऱ्याला त्याचा स्वतःचा आवाज दिला. फरक यंत्रात नव्हता, मालकीत होता.

नायगावच्या बीडीडी चाळींच्या वाटेने विसर्जनाची मिरवणूक निघते तेव्हा बेंजो पार्टीतला पोरगा ढोलताशाशेजारी ऑक्टोपॅडही बडवत असतो. ठेका विजेचा, घाम त्याचा. तो घाम दिसतो आहे तोवर फारशी चिंता नको.