भिक्षेकरी गृह

भीक मागताना आढळलेल्या व्यक्तींना न्यायालयाच्या आदेशाने ठेवून घेऊन त्यांच्या अन्न, निवास, औषधोपचार व व्यवसायशिक्षण यांची तरतूद करणारी शासकीय निवासी संस्था. वृद्धाश्रमासारख्या संस्थेत प्रवेश मिळतो तो गरजेपोटी व बहुधा स्वेच्छेने; येथे मात्र तो अटकेनंतर मिळतो. निवारा व बंदिवास ही दोन परस्परविरोधी कार्ये एकाच संस्थेकडे आल्यामुळे तिचे स्वरूप वादग्रस्त राहिले आहे.

भारतीय परंपरेत भिक्षादान हे पुण्यकर्म मानले गेले. महाराष्ट्रात माधुकरी मागून विद्यार्जन करणाऱ्या विद्यार्थ्यांना, तसेच वासुदेव, गोंधळी, नंदीबैलवाले इत्यादिकांना दारी आल्यावर धान्य देण्याची रीत होती आणि गावगाड्यात त्यांना मान्य असे स्थान होते. इंग्लंडमध्ये मात्र भटक्या निर्धनांना दंडनीय ठरविणारे कायदे मध्ययुगाच्या अखेरीपासून होत आले. तेथील १८३४ च्या दरिद्रीविषयक कायद्यामागे, श्रमगृहातील जीवन हे बाहेरच्या गरिबातील गरीब मजुराच्या जीवनापेक्षा कमी सुखावह असले पाहिजे, असे तत्त्व होते. वसाहतकालीन भारतातील भिक्षाविषयक कायद्यांवर या विचारसरणीची छाया दिसते. मुंबई प्रांतात १९४५ साली असा कायदा झाला. त्याची जागा मुंबई भिक्षा प्रतिबंधक अधिनियम, १९५९ याने घेतली. द्विभाषिक राज्याच्या विभाजनानंतर तो महाराष्ट्र व गुजरात या दोन्ही राज्यांत राहिला आणि पुढे दिल्लीतही लागू करण्यात आला.

या अधिनियमातील भीक मागण्याची व्याख्या फार व्यापक आहे. गाणे, नाचणे, भविष्य सांगणे किंवा वस्तू विकावयास पुढे करणे या निमित्ताने भिक्षा घेणे तीत येते. जखम अथवा व्यंग दाखवून भिक्षा घेणेही येते. इतकेच नव्हे, तर उपजीविकेचे दृश्य साधन नसताना सार्वजनिक जागी अशा स्थितीत वावरणे, की त्यावरून ती व्यक्ती भिक्षेवर जगत असावी असे वाटावे, हेही भीक मागणेच ठरते. म्हणजे कृत्याबरोबर दिसण्यालाही शिक्षेचा आधार मिळाला. शब्दशः पाहता वासुदेवही या व्याख्येतून सुटत नाही.

अशा व्यक्तीस पोलीस अधिपत्राशिवाय अटक करू शकतात. चौकशी होईपर्यंत तिला स्वीकार केंद्रात ठेवतात. न्यायालयाने संक्षिप्त चौकशीअंती तिला भिक्षेकरी ठरविल्यास प्रमाणित संस्थेत किमान १ व कमाल ३ वर्षे ठेवण्याचा आदेश देता येतो. समज देऊन व बंधपत्र घेऊन सोडण्याचीही मुभा आहे. पुनःपुन्हा सापडणाऱ्यास १० वर्षांपर्यंत स्थानबद्ध करण्याची तरतूद आहे. अंध, अपंग अथवा कायमचे असहाय असलेल्यांना मुदत संपल्यावरही अनिश्चित काळ ठेवून घेता येते. या तरतुदीत संस्थेचे द्विरूप विशेष उघड होते : ज्यास बाहेर कोणीच नाही त्यास आधार मिळतो, पण त्या आधाराला सुटकेचा दिनांक नसतो. दुसरीकडे, धडधाकट व्यक्ती स्थानबद्ध झाली, की तिच्या कमाईवर अवलंबून असणाऱ्या कुटुंबाचा आधार तुटतो. पूर्णतः अवलंबून असणाऱ्यांनाही संस्थेत पाठविण्याचा अधिकार कायद्याने दिला आहे.

महाराष्ट्रात ही गृहे महिला व बाल विकास विभागाच्या अखत्यारीत असून मुंबईतील चेंबूर येथील गृह विशेष परिचित आहे. शेतीकाम व लहानसहान उद्योग शिकवून रहिवाशांना स्वावलंबी करावे, हा कायद्याचा उद्देश. मात्र या कामाचा मोबदला दीर्घकाळ दरमहा केवळ ५ रुपये होता. एवढ्या रकमेतून बाहेर पडल्यावर बिऱ्हाड थाटण्याजोगी पुंजी जमणे अशक्यच होते. तो मोबदला प्रतिदिन ४० रुपये करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२५ मध्ये घेतला.

२०११ च्या जनगणनेत देशात भिकारी व निराश्रित भटके मिळून ४,१३,६७० व्यक्तींची नोंद झाली. त्यांच्या पुनर्वसनाकरिता केंद्र शासनाने २०२२ मध्ये ‘स्माईल’ ही योजना सुरू केली. तीत अटकेऐवजी सर्वेक्षण, समुपदेशन व निवारा यांवर भर आहे. तत्पूर्वी ८ ऑगस्ट २०१८ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने भीक मागणे हा गुन्हा ठरविणारी कलमे समता व जीवित या मूलभूत हक्कांशी विसंगत म्हणून दिल्लीपुरती रद्दबातल केली होती. दिल्लीतील लामपूर येथील गृहात २००० साली दूषित पाण्यामुळे रहिवाशांचे मृत्यू झाले. त्यासंबंधीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये निर्णय देऊन, दाखल झालेल्या प्रत्येकाची २४ तासांत वैद्यकीय तपासणी करावी, क्षमतेपेक्षा अधिक रहिवासी ठेवू नयेत आणि शुद्ध पाणी व सकस आहार पुरवावा, असे निदेश सर्व राज्यांना दिले.