आपला स्तंभ कोणता?

अनुसूचित जातींच्या साक्षरतेवर एक टिपण मी अभ्यासवर्गासाठी केले होते. त्यात १९९१, २००१ आणि २०११ या तीन जनगणनांचा स्तंभालेख होता. एकूण लोकसंख्येचा स्तंभ लाल, अनुसूचित जातींचा हिरवा. वर्गात वाटल्या त्या मात्र झेरॉक्स प्रती. एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, यातला आपला स्तंभ कोणता?" पाहतो तर दोन्ही स्तंभ एकाच राखाडी रंगाचे! १९९१ साली ५२.२१ टक्के कोण आणि ३७.४१ टक्के कोण, हेच पुसले गेले होते. दोष यंत्राचा नव्हता, माझा होता.

रंग काढून घेतला की उरतो तो फक्त उजळपणा. तो मोजण्याच्या एका रूढ सूत्रात लाल रंगाला ३०, हिरव्याला ५९ आणि निळ्याला ११ टक्के वजन असते. म्हणून भडक लाल आणि गडद हिरवा डोळ्यांना कितीही वेगळे वाटले, तरी राखाडीत जवळजवळ एकच होतात. पिवळा तर कागदातच विरून जातो.

आपली पत्रके आणि निवेदने बहुधा काळ्या शाईतच लोकांच्या हाती पडतात. तेव्हा भेद रंगावर सोपवू नये. दोन स्तंभ असतील तर एक भरीव काळा आणि दुसरा काळ्या कडेचा पांढरा ठेवावा. तिसरा हवाच असेल तर विरळ तिरप्या रेघांचा. दाट रेघा डोळ्यांपुढे थरथरतात आणि छपाईत भरून जातात. रेषांचा आलेख असेल तर एक रेषा अखंड, दुसरी तुटक, आणि नाव रेषेच्या टोकाशीच लिहावे. कोपऱ्यातल्या सूचीकडे वाचकाला पळवू नये. आकडा स्तंभाच्या डोक्यावर द्यावा आणि स्तंभ शून्यापासूनच उभा करावा. शेवटी झेरॉक्सची पुन्हा झेरॉक्स काढून पाहावी. तीही वाचता आली, तरच आलेख वाटावा.

यात नवे काही नाही. १९४६ साली बाबासाहेबांनी ज्यांना पत्र लिहिले, त्या डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांनी १९०० च्या पॅरिस प्रदर्शनासाठी विद्यार्थ्यांना सोबत घेऊन हाताने रंगवलेले तक्ते केले होते. त्यातल्या एकात १७९० ते १८७० हा काळ आहे. गुलामांचा प्रचंड काळा आकार, वर मुक्तांची हिरवी पट्टी, आणि नावे त्या त्या आकारातच लिहिलेली. तक्ता रंगीत आहे. पण रंग काढला तरी त्याचे म्हणणे शाबूत राहते.

मी आलेख पुन्हा काढला. त्यात २०११ चे आकडे स्पष्ट उभे राहिले. एकूण ७२.९९, अनुसूचित जाती ६६.०७, स्त्रियांत ६४.६३ आणि ५६.४६. या वेळी आपला स्तंभ कोणता, हे कोणी विचारले नाही. त्याच विद्यार्थिनीने विचारले, "सर, बायकांमधली दरी जास्त का?" चर्चा व्हायला हवी होती ती याच प्रश्नावर.