लेंडीतला आकडा आणि सशाचा आजार

सशाच्या लेंडीत आयमेरियाचे ऊसिस्ट (परजीवीची कवचातली अवस्था) दिसले, की लगेच ‘कॉक्सिडिओसिस’ लिहून मोकळं व्हायचं नाही. सशात आयमेरियाच्या 11 जाती सापडतात. कोइसिकोला जवळपास निरुपद्रवी. इंटेस्टिनॅलिस मात्र नुकतंच दूध तुटलेल्या पिलांचा जुलाबाने जीव घेऊ शकते. नुसता आकडा दोघींत फरक करत नाही. जात ओळखायची तर ऊसिस्ट पोटॅशियम डायक्रोमेटमध्ये दोन-तीन दिवस पिकू द्या. मग आतले स्पोरोसिस्ट दिसतात. कंटाळवाणं आहे, पण टाळू नका.

उलटही फसगत होते. यकृतात वाढणाऱ्या स्टीडाईचे ऊसिस्ट लेंडीत उतरायला साधारण दोन आठवडे लागतात. त्याआधी तपासलंत तर अहवाल ‘निगेटिव्ह’, आणि आत पित्तनलिका सुजतच असतात! म्हणून त्याच पिंजऱ्यातला नमुना पुन्हा घ्या.