अर्ज केला की नोंद होते

‘आपलं सिबिल आपणच पाहिलं की ते कमी होतं,’ ही समजूत नाशिकमध्ये मला अजून सतत ऐकू येते. बँकेच्या कर्ज विभागातून निवृत्त झाल्यापासून सोसायटीतली आणि नात्यातली मंडळी कागद घेऊन माझ्याकडे येतात. त्यांतल्या बहुतेकांनी या समजुतीपायी स्वतःचा रिपोर्ट कधी उघडलेलाच नसतो. आणि हीच माणसं मॉलच्या दारातल्या टेबलापाशी, पेट्रोल पंपावर, मोबाइलवरच्या जाहिरातीत क्रेडिट कार्डाचे अर्ज बिनदिक्कत भरतात. खरं तर याच्या नेमकं उलट व्हायला हवं. आपला रिपोर्ट आपण कितीही वेळा पाहिला तरी स्कोअर हलत नाही. तो हलतो आपण कर्जासाठी किंवा कार्डासाठी अर्ज केल्यावर बँकेने रिपोर्ट मागवला की.

आपल्याकडे सगळे स्कोअरला सिबिलच म्हणतात, कारण २००० साली सुरू झालेली ती कर्जदारांची माहिती ठेवणारी देशातली पहिली कंपनी. आज तिचं नाव ट्रान्सयुनियन सिबिल आहे. तिच्याशिवाय एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क याही कंपन्या रिझर्व्ह बँकेच्या परवान्याने हेच काम करतात. बँका आणि वित्त कंपन्या आपल्या कर्जांची माहिती त्यांना देतात, त्यावरून ३०० ते ९०० या पट्ट्यात स्कोअर निघतो. साधारण ७५०च्या वर असला की कर्ज देणारा निवांत असतो.

रिपोर्टमध्ये आपली कर्जखाती आणि हप्त्यांचा इतिहास असतो. त्याशिवाय ‘एन्क्वायरी’ नावाचा एक भाग असतो. कोणत्या बँकेने, कोणत्या तारखेला, कशासाठी, किती रकमेच्या अर्जापायी आपला रिपोर्ट मागवला, ते तिथे ओळीने लिहिलेलं असतं. लोक आकडा पाहतात आणि कागद मिटतात. मी आधी हा भाग उघडते.

अंबडच्या एमआयडीसीत नोकरी करणारा एक तरुण गेल्या वर्षी आला होता. गृहकर्जाची फाइल बँकेने परत केली होती. ‘काकू, एक हप्ता चुकवला नाही मी. बाइकचं कर्जसुद्धा वेळेत फेडलं. मग नाही का म्हणाले?’ त्याची हप्त्यांची नोंद खरोखर स्वच्छ होती. पण गेल्या दीड महिन्यात सहा एन्क्वायरी होत्या, बहुतेक क्रेडिट कार्डांच्या. नोकरी बदलून थोडेच महिने झाले होते, म्हणून पहिल्या बँकेने कार्ड नाकारलं. त्याने कारण विचारलं नाही, दुसरीकडे अर्ज केला. तिथेही नकार आला, मग तिसरीकडे. पुढे एका एजंटाने ‘एकदम तीन ठिकाणी फाइल टाकू, एक तरी होईल’ असं सांगितलं आणि त्याने सह्या करून दिल्या.

आता टेबलाच्या पलीकडे बसलेला अधिकारी हे कसं वाचतो ते सांगते, कारण ते काम मी केलेलं आहे. नकाराची नोंद रिपोर्टमध्ये कुठेच नसते. पण एन्क्वायरीची तारीख दिसते आणि त्यानंतर नवं खातं उघडलं की नाही, तेही दिसतं. सहा चौकशा आणि नवं खातं एकही नाही, याचा अर्थ अधिकाऱ्याला कोणी समजावून द्यावा लागत नाही. इतरांनी याला नाही म्हटलेलं आहे, किंवा याला पैशांची घाईची गरज आहे, असं तो धरून चालतो. माणूस सज्जन आहे, पगार वेळेवर येतो, हे त्या ओळींत उमटत नाही. त्या मुलाकडे पाहून मला वाईट वाटलं, आणि त्या एजंटाचा रागही आला. एजंटाला कमिशन एका मंजुरीवर मिळतं. उरलेल्या नकारांच्या चौकशा मात्र ग्राहकाच्या नावावर राहतात.

प्रमाण मात्र ध्यानात ठेवावं. एका अर्जाने स्कोअर थोडासाच उतरतो आणि हप्ते वेळेवर जात राहिले की काही महिन्यांत तो परिणाम ओसरतो. चुकलेला हप्ता किंवा कर्जाचं ‘सेटलमेंट’ करणं याने होणारं नुकसान कितीतरी मोठं आणि दीर्घकाळ टिकणारं असतं. त्यामुळे ज्याला कार्डाची खरी गरज आहे त्याने एका चौकशीच्या धास्तीने थांबायचं कारण नाही. नुकसान करतात ते थोड्या दिवसांत केलेले लागोपाठचे अर्ज.

फोनवर येणारं ‘प्री-अप्रूव्ड’ म्हणजे मंजुरी असं समजू नका. ती ऑफर पाठवताना कंपनीने केलेल्या चाळणीचा स्कोअरवर परिणाम नसतो, पण ऑफर स्वीकारून आपण माहिती भरली आणि संमती दिली की तो रीतसर अर्ज होतो आणि चौकशीची ओळ पडते. खरेदी आत्ता, पैसे नंतर अशा ॲपवरच्या सोयीही अनेकदा कर्जच असतात आणि रिपोर्टमध्ये कर्ज म्हणूनच येतात. जामीनदारांनाही सांगते: बँक तुमचाही रिपोर्ट काढते, आणि मंजूर झालेलं ते कर्ज तुमच्याही रिपोर्टमध्ये दिसतं. मित्राच्या शब्दाखातर सही करताना हे माहीत हवं.

कार्ड मंजूर झाल्यावरचा एक भाग फार थोड्यांना ठाऊक असतो. समजा लिमिट ५०,००० आहे, तुम्ही महिन्याला ४५,००० खर्च करता आणि पूर्ण बिल वेळेत भरता. व्याज लागत नाही, दंड लागत नाही. पण बँक जी बाकी कळवते ती बहुधा बिल निघतं त्या सुमाराची असते, म्हणून रिपोर्टमध्ये हा माणूस ९० टक्के लिमिट वापरणारा दिसतो. असा वापर महिनोन् महिने दिसला की स्कोअर दबतो. बिल निघण्याआधीच मोठी रक्कम भरून टाकली तर हा प्रश्न सुटतो. वापर लिमिटच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत राहिला तर उत्तम. याच कारणाने जुनं, फी नसलेलं कार्ड उगाच बंद करू नये, असं मी सांगते. ते गेलं की एकूण लिमिट घटतं आणि तेवढाच खर्च जास्त भरतो.

ग्राहकाच्या बाजूने नियम बरेच सुधारले आहेत, पण ते माहीत असणारी माणसं मला क्वचित भेटतात. प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट स्कोअरसकट फुकट मिळतो. चार कंपन्या आहेत, म्हणजे दर तीन महिन्यांनी एक मागवता येतो. एप्रिल २०२४पासून कोणी आपला रिपोर्ट पाहिला तर एसएमएस किंवा ईमेल येणं बंधनकारक आहे. तो न वाचता पुसू नका, कारण न केलेल्या अर्जाची चौकशी तिथेच प्रथम कळते. चुकीच्या नोंदीची तक्रार ३० दिवसांत निकाली निघाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळण्याची तरतूद आहे. कार्ड नाकारलं तर बँकेने त्याचं नेमकं कारण लेखी द्यायचं असतं. न मागता कार्ड देण्यावर तर बंदीच आहे.

त्या मुलाने पहिल्या बँकेकडून कारण लेखी मागवलं. नोकरीचा कालावधी कमी, एवढंच त्यात होतं. अधिक अर्ज करून तो कालावधी वाढणार नव्हता. मी त्याला सहा महिने एकही फॉर्म न भरण्याचं बंधन घातलं आणि त्याने ते पाळलं. मग पगाराचं खातं असलेल्या एकाच बँकेत त्याने गृहकर्जाची फाइल टाकली, आणि ती मंजूर झाली.

सणासुदीच्या दिवसांत कार्डांची टेबलं जागोजागी लागतात. येत्या वर्षभरात तुमच्या घरात कोणी गृहकर्ज किंवा मुलांच्या शिक्षणाचं कर्ज घेणार असेल, तर त्या माणसाने आजच आपला रिपोर्ट मागवून एन्क्वायरीचा भाग वाचावा. आणि एजंट सही मागेल तेव्हा फाइल कोणकोणत्या बँकांत जाणार ते आधी कागदावर लिहून घ्यावं. एकापेक्षा जास्त नावं असतील तर सही करू नये.