मोटार लिफ्टवर चढवितांना घ्यावयाची खबरदारी

शेतकऱ्याच्या दारांत बैलगाडीशेजारीं बोलेरो किंवा थार उभी दिसणें ही आतां नवलाची गोष्ट राहिली नाहीं. ओढे व चिखलाच्या वाटा तुडविणाऱ्या ह्या गाडीची दुरुस्ती बहुधा पोटाखालूनच करावी लागते, व त्यासाठीं तालुक्याच्या वर्कशॉपांत दोन खांबांची लिफ्ट असते. दीड-पावणेदोन टनांचें हें ओझें पुरुषभर उंचीवर ठेवून मिस्त्री त्याखालीं उभा राहतो. तो पुष्कळदां आपल्याच गांवचा, कोणा शेतकऱ्याचा मुलगा असतो. म्हणून ह्या कामाचें मर्म गाडीच्या मालकासही ठाऊक असावें, असें आम्हांस वाटतें.

प्रथम सांगाड्याचा विचार करूं. अमेरिकेंत विलिस कंपनीनें १९४१ पासून युद्धासाठीं जी जीप बांधली, तिचा सांगाडा शिडीसारखा होता. म्हणजे दोन लांब पोलादी तुळया व त्यांस जोडणारे आडवे पोलादी दांडे. महिंद्र कंपनीनें १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईंत ह्या जीपा जोडावयास घेतल्या, आणि वरील दोन्ही गाड्यांचा सांगाडा आजही त्याच जातीचा आहे. लिफ्टच्या चार हातांवरील रबरी पॅड ह्या तुळयांखालींच, गाडीच्या पुस्तकांत दाखविलेल्या जागीं बसले पाहिजेत. पत्र्याचा तळ, पायरी किंवा इंधनाची नळी ह्यांवर भार येतां कामा नये. तुळई उंच असल्यामुळें पॅड पोंचत नसेल, तर लिफ्टच्या कारखानदारानें दिलेले उंचीचे तुकडे लावावे; लाकडी ठोकळे रचूं नयेत. तसेंच गाडी आधीं खालून स्वच्छ धुवावी. भातखाचरांतला चिखल सुकून बसला म्हणजे त्याआडचा गंज दिसत नाहीं आणि पॅडही घसरतो.

दुसरी गोष्ट तोलाची. बैलगाडींत भार मागें अधिक पडला कीं गाडी उलाळते, हें आपणांस सांगावयास नको. लिफ्टवरही तोच न्याय आहे. गाडीचा गुरुत्वमध्य चार पॅडांच्या आंत व खांबांच्या रेषेजवळ असावा. तो कोठें आहे हें काढणें सोपें आहे. वजनकाट्यावर प्रथम नुसतीं पुढचीं चाकें घेऊन वजन करावें, मग नुसतीं मागचीं. समजा, पुढें ९०० किलो व मागें ७०० किलो भरले, आणि दोन्ही चाकांमधील अंतर ८ फूट आहे. तर ७०० ला ८ नें गुणून एकूण १,६०० नें भागावें. उत्तर साडेतीन येतें. म्हणजे गुरुत्वमध्य पुढच्या चाकांच्या मागें साडेतीन फुटांवर आहे. आतां गाडी वर असतांना चाकांसह २०० किलोंचा मागचा ॲक्सल उतरविला, तर हाच मध्य सुमारें पावणेआठ इंच पुढें सरकतो. जी गाडी घटकेपूर्वीं स्थिर होती, ती मग नाकावर झुकूं शकते. ह्यासाठीं जड भाग सोडविण्यापूर्वीं गाडीखालीं उंच पोलादी घोडी लावणें अवश्य आहे. टपावरील सामान व मागचीं पोतीं तर गाडी चढविण्यापूर्वींच उतरवावीं. लिफ्ट चार टनांची असली तरी एका हातास एकच टन पेलतो, हेंही विसरूं नये.

आतां चढविण्याचा क्रम. चारही पॅड टेकले व हातांचे खटके बसले कीं चाकें जमिनीपासून थोडीशींच उचलावीं आणि थांबावें. गाडी हातानें हलवून पाहावी, चारही पॅड पुन्हां तपासावे; शंका आल्यास गाडी खालीं घेऊन पॅड नव्यानें लावावे. पूर्ण उंचीवर नेल्यानंतर गाडी किंचित् उतरवून दोन्ही खांबांतील लॉकच्या दांत्यांवर टेकवावी. तेलाचा दाब हा उचलण्यासाठीं आहे. पेलून धरण्याचें काम पोलादी दांत्याचें. नळी फुटली किंवा वॉशर गेला तर तेल दगा देतें. लॉकवर न टेकलेल्या गाडीखालीं कोणींही जाऊं नये.

सांगाडा उचलला म्हणजे ॲक्सल खालीं लोंबतो व ब्रेकची रबरी नळी ताणली जाते. उंच स्प्रिंगा बसविलेल्या गाडींत हा ताण विशेष पाहावा. शॉक-ॲब्सॉर्बर सोडवितांना ॲक्सलखालीं जॅक द्यावा, नाहीं तर तो एकाएकीं खालीं येतो.

उतरवितांना गाडी प्रथम थोडी वर घेऊन दोन्ही बाजूंचे लॉक मोकळे करावे, खालीं माणूस वा अवजार नाहीं हें पाहावें, मगच तेल सोडावें. गाडी कलूं लागली तर तिला सावरावयास धांवूं नये. सर्वांनीं दूर व्हावें. गाडी पुन्हां घेतां येते.

आमच्या वाचकांस एवढीच विनंती कीं, सुगीच्या घाईंत मिस्त्रीस लौकर करण्याचा तगादा लावूं नये, आणि गाडी लॉकवर टेकली आहे कीं नाहीं हें स्वतः विचारावें.