मँगोट्सफील्डची न दिसलेली गाडी

ब्रिस्टलजवळ मँगोट्सफील्ड नावाचं रेल्वे जंक्शन होतं. १९२३ साली अर्नोल्ड रिडली हा २७ वर्षांचा तरुण तिथे गाडीची वाट पाहत अडकून पडला. स्टेशन ओसाड होतं. एवढ्यात गाडी धडधडत जवळ आली, समोरून गेल्यासारखी वाटली आणि आवाज लांब विरून गेला. फलाटावर मात्र एकही डबा दिसला नाही. बाथहून ग्लॉस्टरकडे जाणारी जलद गाडी या स्टेशनात न शिरता शेजारच्या वळणमार्गाने निघून जाई, हे त्यामागचं कारण. त्या भासातून रिडलीने आठवडाभरात नाटक लिहिलं : ‘द घोस्ट ट्रेन’.

रिडली मूळचा नट. पहिल्या महायुद्धात सोमच्या लढाईत तो जबर जखमी झाला आणि त्या दुखण्यांपायी त्याला अभिनय सोडावा लागला होता. नाटकात त्याने स्टेशन कॉर्नवॉलमध्ये नेलं आणि त्याचं नाव फाल व्हेल ठेवलं. प्रवासी रात्री वेटिंग रूममध्ये अडकतात आणि स्टेशनमास्तर त्यांना जुन्या अपघाताची, भुताच्या गाडीची हकीकत सांगतो. १९२५ मध्ये नाटक लंडनच्या सेंट मार्टिन्स थिएटरात लागलं आणि वर्षाहून अधिक काळ चाललं. पुढे देशभरातल्या हौशी नाट्यमंडळांनी ते उचललं.

याचं एक कारण त्याच्या बांधणीत आहे. सगळे अंक एकाच वेटिंग रूममध्ये घडतात. बाकडी, शेगडी, तिकिटाची खिडकी एवढं नेपथ्य चर्चच्या सभागृहातही मांडता येतं. गाडी रंगमंचावर येत नाही, ती विंगेत घडवावी लागते. लाकडी पट्ट्या ठोकून त्यांवरून बागेतला लोखंडी रोलर ओढला की चाकांचा ठेका मिळतो. ढोलावर तारांचा ब्रश फिरतो, दुधाची रिकामी कॅन वाजते, शिटी फुंकली जाते, मोठा पत्रा हलवून गडगडाट उठवतात. पत्र्याची ही युक्ती आपल्या नाटकवाल्यांनाही परकी नाही. हे सगळं एका तालात जमवायला विंगेत बरीच माणसं लागतात, आणि हौशी मंडळात मनुष्यबळाची वाण नसते. ज्याला संवाद पाठ होत नाहीत, त्यालाही इथे गाडीचं एखादं चाक होता येतं.

नाटक टिकलं, पण ते जिथे सुचलं ते स्टेशन टिकलं नाही. मार्च १९६३ मध्ये ब्रिटिश रेल्वेचे अध्यक्ष डॉ. रिचर्ड बीचिंग यांचा अहवाल आला. त्यात २,३६३ स्टेशनं आणि सुमारे ५,००० मैल लोहमार्ग बंद करण्याची शिफारस होती. एक तृतीयांश लोहमार्गावरून जेमतेम १ टक्का प्रवासी जातात, असा त्यांचा हिशेब होता. ७ मार्च १९६६ रोजी मँगोट्सफील्ड बंद झालं. रूळ उखडले गेले. पुढे त्याच मार्गावर ब्रिस्टल ते बाथ असा १३ मैलांचा सायकलमार्ग झाला. स्टेशनच्या भिंती आणि फलाटांचे अवशेष आजही त्याच्या कडेला उभे आहेत.

लाइम रीजिस या किनाऱ्यावरच्या गावाची गाडीही नोव्हेंबर १९६५ मध्ये थांबली. त्याच गावात १९७८ साली नाटककार अ‍ॅन जेलिको यांनी गावकऱ्यांना घेऊन ‘द रेकनिंग’ उभं केलं. विषय गावच्याच इतिहासातला, १६८५ च्या मनमथ बंडाचा. लेखन-दिग्दर्शन व्यावसायिकांचं आणि पात्रं गावातली, ही त्यांची पद्धत पुढे अनेक गावांनी घेतली.

मँगोट्सफील्ड आणि लाइम रीजिसच्या या दोन गोष्टी जोडून पाहिल्या की माझ्या मनात एक मत पक्कं होतं. बीचिंग यांच्या आकड्यांत तिकिटं मोजली गेली. अनोळखी माणसं एका खोलीत थांबतात, बोलू लागतात, एकमेकांना सांभाळून घेतात, याला त्या हिशेबात रकानाच नव्हता. नेमका हाच ऐवज रिडलीने नाटकात ठेवला. म्हणून बंद स्टेशनाचं स्मारक करायचं ठरलं, तर माहितीफलकावर थांबू नये. तिथल्या वाट पाहण्यावर गावाने नाटक करावं, आणि स्टेशनवर काम केलेल्यांना तालमीला बोलवावं. गाडी कशी वाजायची, कोण रोज कुठे बसायचं, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?