प्रस्तावित निवासी इमारत आणि सायकल-पादचारी सामायिक मार्ग : एक विवेचन

प्रस्तावना

शहरात एखाद्या निवासी इमारतीचा प्रस्ताव पुढे येतो, तेव्हा त्यावरील चर्चा मजले, चटईक्षेत्र आणि वाहनतळ यांभोवती फिरत राहते. अलीकडे तीत आणखी एका घटकाची भर पडली आहे. तो म्हणजे रहिवाशांनी चालण्यासाठी व सायकल चालविण्यासाठी मिळून वापरावयाचा सामायिक मार्ग. माहितीपत्रकातील चित्रात हा मार्ग नेहमी दाट झाडीतून जातो. त्यावर एक सायकलस्वार हसतमुखाने चाललेला असतो आणि शेजारून आजी-आजोबा निवांत फिरत असतात. हे चित्र प्रत्यक्षात उतरण्यासाठी कोणत्या अटी पूर्ण व्हाव्या लागतात, याचे विवेचन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे. या अटी बहुतांशी नकाशाच्या अवस्थेतच ठरतात. इमारत उभी राहिल्यावर उतार किंवा रुंदी बदलता येत नाही, म्हणून प्रस्ताव वाचणाऱ्याला त्या ठाऊक असणे अगत्याचे आहे.

संकल्पनेचा मागोवा

रस्ता इमारतीच्या अंगावर चढवावा, ही कल्पना नवी नाही. इंग्लंडमधील शेफील्ड येथे जॅक लिन व आयव्हर स्मिथ या वास्तुरचनाकारांची 'पार्क हिल' ही वसाहत १९५७ ते १९६१ या काळात उभी राहिली. तिच्या सज्जावजा मार्गांची रुंदी सुमारे ३ मीटर होती आणि दूधवाल्याची विजेवर चालणारी गाडी थेट घराच्या दारापर्यंत येत असे. वसाहत टेकडीच्या उतारावर असल्याने सर्वांत वरचा वगळता बाकीचे मार्ग कोठे ना कोठे जमिनीला टेकत. लंडनमधील 'रॉबिन हूड गार्डन्स' (१९७२) या ॲलिसन व पीटर स्मिथसन यांच्या वसाहतीतही असेच उंचावरील मार्ग होते; परंतु सपाट भूमीमुळे त्यांवर जाण्यास जिना वा उद्वाहन हाच उपाय होता. ही वसाहत २०१७ पासून पाडण्यात आली. पार्क हिलला मात्र १९९८ मध्ये संरक्षित वास्तूचा दर्जा मिळाला. या दोन भिन्न नियतींचे कारण केवळ मार्गाच्या रचनेत शोधणे धाडसाचे होईल, कारण पार्क हिलचीही मधल्या काळात मोठी दुरवस्था झाली होती. तरीही जो मार्ग रस्त्याला मिळतो तो रस्ता आणि जो मिळत नाही तो केवळ लांब व्हरांडा, हा फरक येथे स्पष्ट दिसतो.

सायकलीच्या दृष्टीने सर्वांत बोलके उदाहरण कोपनहेगनचे आहे. ओरेस्टॅड या नव्या उपनगरात ब्यार्के इंगेल्स यांच्या वास्तुसंस्थेने रचलेली 'एट हाउस' ही ४७६ घरांची इमारत २०१० मध्ये पूर्ण झाली. तिचा आराखडा इंग्रजी आठच्या आकड्यासारखा असून, एक सलग मार्ग जमिनीवरून निघून दहाव्या मजल्यापर्यंत चढतो व पुन्हा खाली उतरतो. घरांचे दरवाजे या मार्गावर उघडतात. मात्र दरवाजा व मार्ग यांच्यामध्ये लहानशी पुढची बाग ठेवलेली आहे. ही बाग शोभेसाठी आहे असे वरवर पाहणाऱ्यास वाटेल. वस्तुतः सायकल आणि दारातून धावत बाहेर येणारे मूल यांच्यातील अंतर तीच राखते.

चढाचे गणित

मार्ग वरच्या मजल्यांपर्यंत नेता येईल का, याचे उत्तर साध्या अंकगणितात आहे. सर्वसाधारण सायकलस्वाराला व वृद्धाला फारसा त्रास न होता चढता येईल असा उतार १:२० धरला, तर ३ मीटर उंचीचा एक मजला चढण्यास ६० मीटर लांबी लागते. ३० मीटर उंची गाठावयाची तर ६०० मीटर. चाकाच्या खुर्चीसाठी सामान्यतः कमाल मानला जाणारा १:१२ हा तीव्र उतार स्वीकारला, तरी ३६० मीटर लागतातच. शिवाय मधल्या सपाट टप्प्यांची लांबी वेगळी.

आता ३० मीटर रुंद व ४० मीटर लांब भूखंडाचा विचार करू. त्याची परिमिती १४० मीटर; म्हणजे कडेने एक पूर्ण फेरी मारली तर १:२० ने ७ मीटर उंची मिळते. ३० मीटरसाठी चारांहून अधिक फेऱ्या हव्यात, आणि इमारत भूखंडाच्या आत असल्याने प्रत्यक्षात त्याहूनही जास्त. एट हाउसला हे साधले, कारण तिने एक संपूर्ण नगरखंड व्यापला आहे. आपल्याकडील मध्यम आकाराच्या भूखंडावर असा मार्ग दाखविला असेल, तर रंगीत चित्र बाजूस ठेवून इमारतीचा उभा छेद पाहावा.

चढापेक्षा उतरण अधिक चिंतेची. सपाटीवर ताशी १५ किलोमीटर वेगाने जाणारी सायकल सेकंदाला सुमारे ४ मीटर अंतर कापते. समोर कोणी आल्याचे ध्यानात येऊन ब्रेक दाबेपर्यंत दीड सेकंद गेला, तर ब्रेक लागण्यापूर्वीच ती ६ मीटर पुढे गेलेली असते. उतारावर पायडल न मारताही हा वेग वाढतो. पादचाऱ्याचा वेग ताशी ४ ते ५ किलोमीटर, म्हणजे सायकलच्या फार तर एक-तृतीयांश. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मार्गदर्शिकेत केवळ पदपथासाठीच किमान १.८ मीटर अडथळामुक्त रुंदी सांगितली आहे. मग दोहोंचा मिळून २ मीटरचा मार्ग दाखविणाऱ्या प्रस्तावात चालणाऱ्याने नेमके कोठे चालावे? अशा मार्गावर पहिली माघार वृद्ध घेतात. ते पुन्हा वाहनतळातून फिरू लागतात.

माहितीपत्रक आणि मंजूर नकाशा

प्रस्तुत लेखकाने स्वतःसाठी सदनिका शोधताना पाहिलेल्या एका प्रस्तावित संकुलाच्या माहितीपत्रकात 'सायकल व जॉगिंग ट्रॅक' ठळक अक्षरांत होता. मंजूर नकाशा मागून घेतला, तेव्हा तो ट्रॅक म्हणजे इमारतीभोवतीचा अग्निशमन वाहनाचा रस्ता निघाला. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार (२०१६) उंच इमारतीभोवतीची ६ मीटरपर्यंतची मोकळी जागा ४५ टनांपर्यंतच्या अग्निशमन वाहनाचा भार पेलेल अशी, शिवाय अडथळामुक्त ठेवावी लागते. तेथे झाडे, बाके किंवा मार्गिका वेगळी करणारा कठडा येणे शक्यच नव्हते. जे कायद्याने द्यावेच लागते, त्यालाच सुविधेचे नाव दिले गेले होते.

स्थावर संपदा अधिनियम, २०१६ ची काही कलमे येथे उपयोगी पडतात. कलम १४ अन्वये मंजूर आराखड्यात वा सामायिक क्षेत्रात बदल करावयाचा तर किमान दोन-तृतीयांश सदनिकाधारकांची पूर्वलेखी संमती लागते. कलम १२ नुसार जाहिरातीतील वा माहितीपत्रकातील खोट्या विधानावर विसंबून पैसे भरलेल्यास भरपाई मागता येते. मात्र कलम १४ चे संरक्षण नकाशावर आखलेल्या मार्गाला आहे. केवळ चित्रातल्या मार्गाला नाही. तेव्हा मार्गाची रुंदी, उतार, तो सार्वजनिक रस्त्याला कोठे मिळतो आणि बाहेरच्यांना त्यावर प्रवेश आहे की नाही, हे चारही तपशील विक्रीकरारास जोडलेल्या आराखड्यात आहेत का, ते नोंदणीपूर्वी पाहावे. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचे मंजूर नकाशे पाहता येतात. माहितीपत्रक शेजारी ठेवून ते ताडून पाहण्यास फार तर एक दुपार लागते.